गायरान आणि विजेची दुचाकी



जोयडा तालुक्यातील ज्या गावी मी शिक्षक म्हणून काम करतो, त्या गावाच्या वेशीबाहेर एक लांबट माळ आहे. माळाच्या एका अंगाने गुरांची पाणवठ्याकडे जाणारी वाट आहे, मधून विजेच्या उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत आणि पलीकडे रान सुरू होते. गेल्या वर्षी दसरा आटोपल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळच्या सुमारास माझ्याच वर्गातील एक मुलगा, मित्राला मागे बसवून, विजेवर चालणाऱ्या दुचाकीवरून हा माळ उतरत होता. वळणावर झुडपाआड एक वृद्ध आजी आपली दोन गुरे वळवीत उभ्या होत्या. गाडीचा आवाज असा नव्हताच. आजींनी मान वळवून पाहिले तेव्हा गाडी चार हातांवर आली होती. आजी पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. मुलांना खरचटण्यापलीकडे फारसे काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, "त्या वाटेने गाडी न्यायची तुला काय गरज होती?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, रस्त्यावर मोठ्या गाड्या असतात, कोणी ना कोणी रागावते. म्हणून तिकडे गेलो. ती जागा तर कुणाचीच नाही."

मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याची तशी खरोखरच समजूत होती. आणि विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले, की ही समजूत त्या एकट्याची नाही. सुट्टीत मोटारी घेऊन आमच्या रानात येणाऱ्या सुशिक्षित पाहुण्यांचीही ती असते, आणि आपल्यापैकी अनेकांची असते. ज्या जमिनीला कुंपण नाही, जिच्यावर पाटी नाही, ती मोकळी; आणि मोकळी म्हणजे वाटेल तशी वापरण्याजोगी! आजच्या या भाषणात मला या समजुतीचाच विचार करावयाचा आहे. अशी जमीन असते कुणाची, विजेची दुचाकी ही वस्तू आहे तरी कशी, आणि या दोहोंची गाठ पडली म्हणजे आपण कसे वागावे, असे तीन प्रश्न आपण क्रमाने घेऊ.

प्रथम जमिनीविषयी. गावात ज्या जमिनीला आपण मोकळी म्हणतो, तिला सरकारदप्तरी नाव असते आणि कामही नेमून दिलेले असते. महाराष्ट्रात जिला आपण गायरान म्हणतो, तिला कर्नाटकात गोमाळ म्हणतात. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांच्या चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली, आणि १९६६ च्या नियमांनी सर्वसाधारण प्रमाणही ठरवून दिले: दर शंभर गुरांमागे बारा हेक्टर. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात याशिवाय बेट्ट आणि हाडी असे आणखी दोन प्रकार आहेत. सुपारीच्या बागेला, म्हणजे आमच्याकडच्या कुळागराला, खतासाठी हिरवा पाला आणि पाचोळा लागतो. तो ज्या झाडीच्या जमिनीतून घ्यावयाचा, ती बेट्ट. या जमिनींवरील शेतकऱ्यांच्या जुन्या सवलती त्याच कायद्याने मान्य केल्या आहेत. म्हणजे जमीन सरकारची असली, तरी तिच्यातील पाला कोणी घ्यावा, गवत कोणाच्या गुरांनी खावे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे.

दुसरा प्रकार सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जमिनीचा. विजेच्या तारांखालचा पट्टा, धरणाचा परिसर, पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट, रेल्वेच्या रुळांलगतची जागा, या साऱ्या जमिनी या प्रकारात येतात. आमच्या तालुक्यात त्या थोड्याथोडक्या नाहीत, आणि त्यांच्यामागे एक इतिहास आहे. आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात, त्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे तालुक्याचे गाव वसले होते. गणेशगुडी येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि सुपा गाव आसपासच्या खेड्यांसह पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. अनेक कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन संच वीज निर्माण करतात, आणि धरणाच्या पाण्यावर खाली नागझरी येथे त्याहून कितीतरी मोठे वीजगृह चालते. शेजारच्या कारवार तालुक्यात कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. या साऱ्या विजेच्या वाहिन्या डोंगर ओलांडून दूरच्या शहरांकडे गेल्या आहेत, आणि त्यांच्याखाली झाडे तोडून रुंद पट्टे मोकळे ठेवलेले आहेत.

हे मी अशासाठी सांगतो, की या तालुक्याने विजेसाठी आपली उत्तम जमीन एकदा देऊन टाकलेली आहे. जी उरली, तिच्यातील बराच भाग अभयारण्याकडे गेला. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्यास काळी नदीचे नाव आहे. इतके सारे वजा जाता गावाच्या वाट्याला जे चार माळ आणि दोन वाटा राहिल्या, त्या आता कोणाच्या चैनीसाठी खर्च करणे गावाला परवडण्यासारखे नाही. आजींना भेटावयास गेलो असता मुलाचे ते वाक्य मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कुणाची नाही म्हणतो का? मग इतकी वर्षं आमची गुरं कुणाच्या जागेत चरली?"

या प्रश्नातच उत्तर आहे. सामाईक जमिनीचा एक धनी नसतो, कारण तिचे धनी पुष्कळ असतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरले. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या पुन्हा ग्रामसभेच्या वा ग्रामपंचायतीच्या हाती द्याव्यात, त्यासाठी प्रत्येक राज्याने योजना आखावी, असा आदेश न्यायालयाने दिला. अतिक्रमण म्हटले, की भिंत किंवा कुंपण आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु जी वाट गुरांची, तीवरून गुरांनाच भीतीने पळावे लागत असेल, तर तेही त्यांच्या जागेवर केलेले आक्रमणच होय.

येथे कायद्याविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण त्याबाबत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल पडले, की लगेच फौजदारी गुन्हा होतो असे नाही. २०२३ सालची भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या ३२९ व्या कलमाप्रमाणे फौजदारी आगळीक ठरण्यास अपराध करण्याचा, किंवा ताबेदारास धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्यास त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. रानवाटेने सरळ चालत जाणाऱ्या वाटसरूला याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र काही जागांचे कायदे स्वतंत्र आणि अधिक कडक आहेत. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाने बंदी आहे. तेथे राहणारे, तेथील जमिनीवर हक्क असलेले आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे लोक त्यातून वगळलेले आहेत. हमरस्ता सोडून आडवाटेने गाडी आत घालणारा पाहुणा या सवलतीत बसत नाही.

रेल्वेचेही तसेच आहे. कॅसल रॉक हे स्थानक आमच्याच तालुक्यात आहे. तेथून रूळ गोव्यात कुळेपर्यंत घाट उतरतात, आणि वाटेत दूधसागरचा धबधबा लागतो. पावसाळ्यात हौशी मंडळी रुळांवरून चालत धबधब्याकडे जाऊ लागली. तेव्हा जुलै २०२३ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने पुष्कळांना अडविले, काहींना उठाबशा काढावयास लावल्या, आणि रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली अपराध आहे, धबधबा गाडीत बसूनच पाहावा, असे दक्षिण पश्चिम रेल्वेने जाहीर केले. त्या वेळी अनेकांना हा जाच वाटला. पण या घाटाचा उतार दर ३७ मीटरांना एक मीटर इतका तीव्र आहे. असा उतार उतरणारी जड गाडी, समोर माणूस दिसला म्हणून चालकाला जागच्या जागी थांबविता येत नाही. नियमामागे हे साधे कारण आहे. ते कोणी समजावून सांगितले नाही, म्हणजे नियम जाचक वाटतो.

आता दुसरा प्रश्न, गाडीचा. विजेच्या दुचाकीला मी शत्रू मानीत नाही. आमच्या तालुक्यात वाड्या दूर दूर विखुरलेल्या आहेत आणि बसगाडी दिवसातून मोजक्याच वेळा येते. अशा ठिकाणी शाळेत येणाऱ्या मुलीला, आरोग्यसेविकेला, टपाल वाटणाऱ्याला ही गाडी वरदानासारखी आहे. परंतु तिचे गुण ज्यात आहेत, त्यातच तिचे धोकेही आहेत, आणि ते समजून घेतले पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे तिचा वेग घेण्याचा प्रकार. पेट्रोलच्या गाडीचे यंत्र फिरू लागल्यावर हळूहळू जोर धरते. विजेची मोटर गाडी उभी असतानाच जवळजवळ पुरा जोर लावू शकते. मूठ जराशी अधिक पिळली गेली, की गाडी झेप घेते. नवशिक्या मुलाच्या हाती हे खडकाळ जागी घडले, तर तोल जाण्यास क्षणही पुरत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची आणि थांबण्याची. मी हे गणित वर्गात फळ्यावर मांडले होते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तोवर गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते. आमच्या लाल मातीच्या उताऱ्यावर सुटी खडी आणि ओला पाचोळा असतो. तेथे चाकाची पकड कोरड्या डांबरी रस्त्याच्या निम्मीच उरते असे धरले, तर थांबावयास आणखी ७ मीटर लागतात. एकूण झाले १४ मीटर. आता वेग दुप्पट करा, ताशी ५०. मुलांनी उत्तर दिले २८ मीटर. ते चुकले. विचारात जाणारे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे अंतर चौपट होते. उत्तर येते ४० मीटरांहून अधिक. उतार असेल तर त्याहूनही जास्त. आजी ज्या वळणावर उभ्या होत्या, तेथून पलीकडचे दहा मीटरही दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट तिच्या निःशब्दपणाची. शहरात हा गुण वाटतो; रानवाटेवर तो घात करतो. माणूस, गुरे, रानातले प्राणी हे सारे पाठीमागचा धोका कानाने ओळखतात. युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या नमुन्याच्या विजेच्या मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे साधन बसविणे बंधनकारक झाले, ते पादचाऱ्यांच्या, विशेषतः अंधांच्या रक्षणासाठी. हा नियम मोटारींचा आहे, दुचाकींना तो लागू नाही. आणि आमच्या रानात केवळ पादचारीच नसतात. गवा आणि अस्वल हे दोन्ही प्राणी येथे आहेत. माणसाची चाहूल लागली, की ते बहुधा आपण होऊन दूर होतात. अस्वल अंगावर येते ते पुष्कळदा एकाएकी गाठ पडल्यामुळे. चालणारा माणूस खोकतो, बोलतो, पाचोळा वाजवतो. आवाज न करता वळणावर येऊन धडकणारी गाडी ही चाहूलच पुसून टाकते.

चौथी गोष्ट जमिनीची. चाक एकाच रेषेत पुन्हा पुन्हा गेले, की गवताची मुळे तुटतात आणि चाकोरी पडते. आमच्याकडच्या धो धो पावसात ती चाकोरी ओहळ बनते आणि माती वाहून जाते. तारांखालच्या पट्ट्यात तर खांबांना आधार देणाऱ्या ताणतारा तिरप्या जमिनीत रोवलेल्या असतात. संधिप्रकाशात त्या दिसत नाहीत, आणि गळ्याच्या उंचीवर आडव्या आल्या तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ज्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको, विमाही नको. दुकानदार हेच मोठ्या अक्षरांत सांगतो. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. विमा नको, म्हणजे अशा गाडीने कोणाला इजा झाली तर भरपाई देणारी विमा कंपनी पाठीशी नसते. जखमीचा खर्च चालविणाऱ्याच्या घरावर येतो, अथवा जखमी स्वतःच सोसतो. बेदरकारपणे वाहन हाकणे किंवा इतरांचा जीव धोक्यात घालणे हे अपराध तर कोणत्याही गाडीला लागू आहेत, मग तिला नोंदणी असो वा नसो.

आणि हीच गाडी एखाद्या कारागिराकडे नेऊन तिची वेगमर्यादा काढून टाकली, की ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते, पण नोंदणी, परवाना आणि विमा यांच्यावाचून. अशी गाडी अज्ञान मुलाच्या हाती दिली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले १९९ अ हे कलम पालकाला अथवा गाडीच्या मालकाला दोषी धरते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. शिवाय त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईतो परवाना मिळत नाही. आमच्या त्या मुलाची गाडी ताशी २५ ची म्हणूनच घेतलेली होती. मर्यादा काढल्याचे वडिलांना अपघातानंतर कळले. त्यांनी आजींच्या उपचाराचा खर्च केला. त्यासाठी त्यांना सुपारीचे पीक हाती येण्याआधीच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागली.

मग करावे काय? माळावर बंदीची पाटी लावून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. पाटी मुलांना हुसकावते, पण जावे कोठे हे सांगत नाही. आमच्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तेव्हा त्या मुलानेच उभे राहून विचारले, "मग आम्ही चालवायची तरी कुठे?" सभा क्षणभर निरुत्तर झाली. त्यानंतर जे ठरले ते थोडक्यात सांगतो, कारण ते कोणत्याही गावाला करता येण्यासारखे आहे. गुरांची वाट आणि पाणवठा येथे कोणतीही गाडी चालवावयाची नाही. निकड असली तर उतरून हाताने ढकलीत न्यावी. तारांखालच्या पट्ट्यात वीज खात्याच्या माणसांखेरीज कोणी वाहन नेऊ नये. शिकणाऱ्यांसाठी शाळेमागचा सपाट तुकडा सकाळी मोकळा ठेवावा, आणि तेथे एक मोठा माणूस उभा असावा. माळाच्या तोंडाशी गावकऱ्यांनी दगडांची रांग मांडली. गुरे तीमधून जातात, गाडी जात नाही.

गाडी चालविणाऱ्यांस माझे सांगणे एवढेच, की शिरस्त्राण घालावे, मागे एकाहून अधिक बसवू नये, वळणापूर्वी घंटी वाजवावी, गुरे दिसली तर थांबून त्यांना जाऊ द्यावे, आणि अनोळखी जागी शिरण्यापूर्वी जवळच्या घरी विचारावे. पाहुण्यांनी तर हे शेवटचे अवश्य करावे. विचारलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी सहसा नाही म्हणत नाही, उलट बरोबर येऊन वाट दाखवितात.

आजींचे मनगट जुळले, परंतु किंचित वाकडे जुळले. कोयता धरवत नाही म्हणून यंदा त्यांच्या कुळागरात पाला घालावयास दुसरे माणूस लावावे लागले. शनिवारी शाळा सुटल्यावर तो मुलगा जातो आणि त्यांची गुरे पाणवठ्यावर नेऊन आणतो. मी त्याला तसे सांगितले नव्हते. परवा त्याच वाटेने जाताना तो मला भेटला. गुरे पुढे होती आणि तो मागून चालत होता. म्हणाला, "सर, चालत गेलं की ही वाट केवढी लांब आहे ते कळतं."